नॅनी पार्डोचं कार्ड

मिस पार्डो कामावर रुजू झाली तेव्हा तिच्यासोबत एक तपकिरी पेटी होती, दोन हॅट होत्या, लांब मुठीची छत्री होती आणि आधीच्या घरच्या बाईंनी तोंडभरून कौतुक केलेलं शिफारसपत्र होतं. नव्हतं ते फक्त विम्याचं कार्ड.

“येईल पोस्टानं,” ती म्हणाली. “आधीच्या मॅडम देवमाणूस, पण भारी विसराळू.”

म्यूरिएल थर्टलनं मान डोलावली. तिला घाई होती. सोमवारपासून हॉस्पिटलच्या औषधखान्यात हजर व्हायचं होतं, आणि वर्षाच्या हेस्टरला सांभाळायला बाई मिळता मिळत नव्हती. एकीच्या तोंडाला भर दुपारी जिनचा वास आला. दुसरीनं बाळाकडे न बघताच टीव्ही कुठल्या खोलीत आहे ते विचारलं. मिस पार्डोनं मात्र आल्या आल्या हातमोजे काढले, हात धुतले, बाळाच्या पलंगाचा कठडा हलवून पाहिला आणि म्हणाली, “इथला स्क्रू ढिला आहे. पेचकस आहे का घरात?” म्यूरिएलनं त्याच क्षणी तिला ठेवून घेतलं.

मिस पार्डोनं स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. अर्धी सुट्टी गुरुवारी हवी.

साल एकोणीसशे सदुसष्ट, गाव नॉरिच. आता ती कार्डं कुणाला आठवत असतील? पण त्या वेळी कामावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड असे, आणि ते मालकाच्या ताब्यात राही. मालकानं दर आठवड्याला पोस्टातून विम्याचं तिकीट आणायचं, त्या आठवड्याच्या चौकोनात चिकटवायचं आणि वर शाईनं तारीख घालायची. तिकिटाचा काही भाग नोकराच्या पगारातून कापायचा, उरलेला मालकानं सोसायचा. माणसाचं आजारपण, म्हातारपणचं पेन्शन, सगळं त्या तिकिटांवर. कुणाला त्याचं कार्ड हातात दिलं असं ऐकलं की लोक समजायचे, बिचाऱ्याची नोकरी गेली. कारखान्यात हे सगळं बघायला कारकून असे. घरात नॅनी ठेवली की कारकुनीही घरच्या बाईच्याच गळ्यात. शिवाय दर शुक्रवारी पगार देताना तक्ता बघून आयकर कापायचा आणि तो सरकारजमा करायचा, हे वेगळंच.

म्यूरिएलला याचा कंटाळा नव्हता. औषधाची गुंजागुंजानं मापं घेणारी बाई ती. शुक्रवारी जेवणं उरकली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ते मांडून बसे. अडचण एवढीच होती की कार्ड नव्हतं आणि आधीच्या नोकरीचा कराचा कागदही नव्हता. तो कागद नसेल तर नियमानं जास्तीचा कर कापावा लागे. पहिल्या शुक्रवारी तिनं ओशाळून सांगितलं, “नॅनी, तुमचा कागद येईपर्यंत पगारातून जरा जास्तच जाणार.”

“जाऊ दे की, मॅडम,” मिस पार्डो म्हणाली आणि पाकीट न उघडता ॲप्रनच्या खिशात टाकून वर निघून गेली.

म्यूरिएलचा नवरा डेस्मंड मुलांच्या शाळेत भूगोल शिकवी. त्यानं वह्यांतून डोकं वर काढलं. “जास्त कर कापला तरी हूं की चूं न करणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. जप हिला. संग्रहालयात ठेवण्यासारखी आहे.”

“तेच तर,” म्यूरिएल म्हणाली.

“तेच तर काय?”

“काही नाही.”

संशयाचं बी पडलं ते तिथे. त्याला पाणी घातलं ते मिसेस ग्रिमरनं.

मिसेस ग्रिमर आठवड्यातून दोनदा झाडलोट करायला येई आणि गुरुवारी दुपारी हेस्टरला सांभाळी. ती त्याच गल्लीत जन्मली होती, तिथेच नांदत होती आणि तिथल्या प्रत्येक घरात कोण कुणाशी बोलत नाही हे तिला पाठ होतं. म्यूरिएल दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या पोस्टात मिस कॅचपोलकडून तिकीट आणते आणि चिकटवायला कार्ड नाही म्हणून टॉफीच्या डब्यात टाकते, हे तिच्या नजरेतून कसं सुटणार?

“बाईसाहेब, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा, मिसेस ग्रिमर.”

“कार्ड आलं का हो?”

“येईल.”

“येईल, येईल. ख्रिसमसही येईल.” तिनं फडकं बादलीत पिळलं. “माझी आई म्हणायची, माणसाचं कार्ड तीनच ठिकाणी असतं. मालकिणीकडे, नाहीतर बेकारांच्या कचेरीत, नाहीतर शवपेटीत. तुमच्याकडे नाही. शवपेटीत म्हणावं तर बया जिना चढते-उतरते. मग उरलं काय?”

नोकरी नसलेल्या माणसाला सरकारी भत्ता हवा तर कार्ड बेकारांच्या कचेरीत ठेवावं लागे, हे खरंच होतं. म्हणजे इथून पगार, तिथून भत्ता?

“काहीतरीच! अशा बायका दिसतात तरी का तशा?”

“दिसल्या असत्या तर पोलिसांना पगार कशाला दिला असता?” मिसेस ग्रिमर म्हणाली. “नाहीतर नवरा असेल कुठेतरी. टाकलेला. कार्डावर मिसेस असेल आणि इथे मिस म्हणून मिरवते. माझ्या दिराची शेजारीण…”

“जिना राहिलाय तुमचा, मिसेस ग्रिमर.”

जिना झाला, पण शब्द घरात राहिले. त्यानंतर म्यूरिएलला मिस पार्डोच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसू लागलं. तिला पत्रं येत नसत. डेस्मंडनं बागेत कॅमेरा काढला की ती बाळाला पुढे करून आपण बाजूला होई. आणि तो गुरुवार! गुरुवारी तर नॉरिचची सगळी दुकानं दुपारी एकला बंद. मग त्याच दिवसाची सुट्टी कुणी का मागावी? जायचं कुठे? बघायचं काय? तरी मिस पार्डो बारा वाजले की चांगली हॅट घाली, छत्री घेई आणि बसथांब्याकडे चालू लागे. चहाच्या वेळेला परत. विचारलं तर, “जरा हवा खाऊन आले, मॅडम.”

एका संध्याकाळी म्यूरिएल न्हाणीघराबाहेर उभी होती. आत हेस्टर पाण्यात हात आपटत होती आणि मिस पार्डो तिला गोष्ट सांगत होती. “…आणि मग यारमथच्या किनाऱ्यावर, ढगांतून, केवढी मोठी सिगार आली! जर्मनांचं झेपेलिन. घूंऽ घूंऽ! आणि मी बाबागाडी अशी ढकलली, अशी ढकलली…”

म्यूरिएलनं डेस्मंडला गाठलं. “यारमथवर झेपेलिन कधी आलं होतं?”

“पहिल्या महायुद्धात. पंधरा साली, जानेवारीत. का?”

“ती म्हणते, तेव्हा ती तिथे बाबागाडी ढकलत होती. वय सांगते चोपन्न. म्हणजे तेव्हा दोन वर्षांची असेल! दोन वर्षांचं पोर बाबागाडीत बसतं, डेस्मंड, ढकलत नाही.”

“बाळाला गोष्ट सांगतेय गं ती. साक्ष देत नाहीये.”

“जी बाई गोष्टीत खोटं बोलते…”

“सगळे गोष्टीतच खोटं बोलतात. म्हणून तर त्यांना गोष्टी म्हणतात.” डेस्मंड उठून तिच्याजवळ आला. “हे बघ, तुला ती नको असेल तर तिला सरळ जायला सांग. पण मग औषधखान्याचं काय?”

हेच तर होतं. औषधखान्याचे प्रमुख म्यूरिएलला घेतानाच म्हणाले होते, “लग्न झालेल्या बाईला मी घेत नाही, मूल असलेल्या बाईला तर नाहीच. तुमचे जुने गुण पाहून घेतोय. एक दिवस जरी घरच्या कारणानं चुकला, तर माझंच बरोबर होतं असं मी धरून चालेन.” डेस्मंडच्या आईनं केव्हाच कानावर हात ठेवले होते. “माझं वय झालं बाई, त्रेसष्ट म्हणजे काय थोडं आहे?” मिस पार्डो गेली की नोकरी गेली, आणि ती ठेवली तर आपलं लेकरू दिवसभर कुणाच्या हाती आहे ते देवच जाणे. म्यूरिएल मापं घेताना चुकू लागली. एकदा खोकल्याच्या औषधाची बाटली तिनं तीनदा भरली आणि तीनदा ओतली.

शेवटी तिनं आधीच्या घरी फोन लावला. शिफारसपत्रावर बरी गावाजवळच्या एका खेड्यातला पत्ता होता.

“पार्डो? अगं बाई, किती गोड!” पलीकडची बाई म्हणाली. “माझी मुलं अजून तिची आठवण काढतात. ओटमील काय करायची! तुम्हाला करते का?”

“करते. मी फोन केला तो तिच्या कार्डासाठी. ते तुमच्याकडे राहिलंय ना?”



“कार्ड ना?” आवाजातला गोडवा उतरला. “खरं सांगायचं तर ते तिनं मला कधी दिलंच नाही. आधीच्या बाई पाठवतील, आधीच्या बाई पाठवतील, असंच चाललं होतं. दोन वर्षं मी विचारत होते. मग कंटाळले.”

“आणि तिकिटं?”

“हे बघा, कुणाला सांगू नका हं. आमच्याकडे काही इन्स्पेक्टर वगैरे येत नाहीत.” तिनं फोन ठेवून दिला.

म्यूरिएल रिसीव्हर हातात धरून उभीच राहिली. वर मिस पार्डो कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्रीच्या तापल्या कापडाचा वास जिन्यावरून खाली येत होता, आणि इतका चांगला वास येणाऱ्या घरात आपल्याला घाम का फुटावा, हे म्यूरिएलला कळेना.

पुढची बातमी मिसेस ग्रिमरनंच आणली. तिची बहीण विंडमला राहायची, बसनं अर्ध्या तासावर.

“तुमची नॅनी दिसली तिला. गुरुवारी. परवाच्या गुरुवारी आणि त्याच्या आधीच्याही. पोस्टात शिरताना.”

“पोस्टात? तुमची बहीण कशी ओळखते तिला?”

“मी वर्णन केलं होतं.” मिसेस ग्रिमरला यात काही गैर वाटलं नाही. “तिथे अर्धा दिवस बुधवारी असतो, गुरुवारी सगळं उघडं. आणि बाईसाहेब, गुरुवार म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा वार. ही बया रांगेत उभी होती, म्हाताऱ्यांच्या, हातात पेन्शनचं पुस्तक घेऊन. आता बोला.”

“काय बोलू?”

“माझा सासरा गेला तेव्हा त्याचं पुस्तक आम्ही प्रामाणिकपणे परत केलं. सगळे करत नाहीत. आई मेलेली असते, पुस्तक जिवंत असतं. आणि पोस्टातली पोरगी काय नाकाला नाक लावून बघते? म्हातारी म्हातारीसारखीच दिसते.”

पुढच्या गुरुवारी म्यूरिएलनं दाढ दुखत असल्याचं औषधखान्यातही आणि घरीही सांगितलं, हेस्टरला मिसेस ग्रिमरच्या स्वाधीन केलं आणि आधीची बस पकडून विंडमला गेली. “जा, जा, चांगली उपटून घ्या,” मिसेस ग्रिमर म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

विंडमच्या बाजारातल्या लाकडी खांबांच्या जुन्या चौथऱ्याशी बसथांबा होता. म्यूरिएल त्याच्या आडोशाला उभी राहिली. मार्चचा वारा डोळ्यांत पाणी आणत होता. औषधशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली बाई थांब्यामागे लपून आपल्या नॅनीवर पाळत ठेवते, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा विचार तिच्या मनात आला, पण पाय हलले नाहीत.

बस आली. मिस पार्डो उतरली. रस्ता ओलांडताना ती क्षणभर थांबली आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात शोधत असल्यासारखा तिनं आपला हात खाली सोडला. मग एकटीच पलीकडे गेली.

पोस्टाच्या काचेतून सगळं दिसत होतं. टोप्या घातलेले म्हातारे, जाळीच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्यात ताठ उभी असलेली मिस पार्डो. तिची पाळी आली. तिनं पुस्तक पुढे केलं. खिडकीतल्या मुलीनं पान फाडलं, शिक्का मारला, पैसे सरकवले. मुलगी हसून काहीतरी बोलली, मिस पार्डोही हसली. म्यूरिएलला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. पोलीस, वर्तमानपत्र, औषधखान्याचे प्रमुख, आणि मध्ये उभी असलेली हेस्टर.

मिस पार्डो बाहेर आली तर समोर म्यूरिएल.



“हेस्टर?” मिस पार्डोचा चेहरा पांढरा पडला. “काय झालं हेस्टरला?”

“काही झालं नाही. घरी आहे. मिसेस ग्रिमरपाशी.”

“मग ठीक.” तिनं श्वास सोडला. मग म्यूरिएलच्या ओल्या डोळ्यांकडे, लाल नाकाकडे बघितलं. “केव्हापासून उभ्या आहात या वाऱ्यात? चला. आधी चहा प्या.”

समोरच्या चहाच्या दुकानात त्या बसल्या. चहाबरोबर खायचे स्कोन आले. कुणी हात लावला नाही.

“ते पुस्तक,” म्यूरिएल म्हणाली. “नॅनी, मला खरं सांगा. कुणाचं आहे?”

“माझं.”

“तुमचं कसं असेल? तुम्ही चोपन्न वर्षांच्या आहात. साठीच्या आधी बाईला पेन्शन मिळत नाही. तुमच्या आईचं आहे ना? त्या वारल्या आहेत ना?”

मिस पार्डोनं पर्स उघडली आणि पुस्तक टेबलावर, बशीशेजारी ठेवलं. वर लिहिलं होतं, मिस डब्ल्यू. पार्डो.

“माझी आई मिसेस होती, मॅडम,” ती म्हणाली. “आम्ही गरीब होतो, पण तेवढी रीत पाळली होती.”

म्यूरिएलला हसावं की रडावं कळेना. “मग तुमचं वय…”

“सदुसष्ट. ऑक्टोबरात अडुसष्ट होईन.”

म्यूरिएलच्या डोक्यात एकेक गाठ सुटत गेली. “झेपेलिन.”

“पंधरा वर्षांची होते. हाताखालची दाई. जुळी होती गाडीत, आणि थोरली नॅनी झुडपात लपली होती.” मिस पार्डोच्या स्वरात बावन्न वर्षांपूर्वीचा तिरस्कार होता. “मला वाटलं, तुम्हाला झेपेलिनवरूनच कळेल. तुम्ही शिकलेल्या.”

“पण मग हे लपवायचं कशाला? या वयात काम करणं काही गुन्हा नाही. पासष्टीनंतर तर पूर्ण पेन्शन घेऊन कामही करता येतं. नुसतं वेगळं कार्ड मिळतं, त्यावर फक्त मालकाचं तिकीट लागतं. तुमच्या पगारातून तर काही कापायलाही नको होतं!”

“ठाऊक आहे. पण ते कार्ड तुमच्या हाती दिलं असतं तर तुम्ही मला त्या सोमवारी ठेवलं असतं?”

म्यूरिएलनं कप उचलला. चहा गार झाला होता.

“नाही ना? नॅनी मिळवून देणारी कचेरी पंचावन्नच्या पुढे नावच नोंदवत नाही. कार्ड नाही म्हटलं की मालकीण महिना-दोन महिने वाट बघते, तोवर मूल रुळतं, मग ती विचारायचं सोडते. विचारायचं सोडलं नाही अशा तुम्हीच पहिल्या.” तिनं पुस्तक पर्समध्ये ठेवलं. “कोपऱ्यावरच्या पोस्टातून पेन्शन घेतलं असतं तर मिस कॅचपोलनं त्याच दिवशी गल्लीभर केलं असतं. म्हणून इथवर येते.”

“आणि पेन्शनवर राहता आलं नसतं?”

“आलं असतं. एक खोली, गॅसची शेगडी, नाणं टाकलं की पेटणारी. पण त्या खोलीत करू काय? मी जन्मात कधी एकटी झोपलेले नाही, मॅडम. पलीकडच्या पलंगावर कुणी ना कुणी मूल असतंच.”

परतीच्या बसमध्ये त्या शेजारी बसल्या.

घरी डेस्मंडनं ऐकलं तेव्हा तो आधी खो खो हसला, मग गंभीर झाला. “म्हणजे माझ्या आईपेक्षा मोठी आहे. आणि आई म्हणते, तिला हेस्टर उचलवत नाही.”

“तुझ्या आईला चहाची किटलीही उचलवत नाही. दुसरं कुणी ओतणारं असलं की.”

“तसं नाही. जिना उतरताना पाय घसरला तर? झोपेत काही झालं तर? खोटं बोलली ते मी सोडून देतो, पण वय सोडून देता येत नाही. ठरव तू. औषधखानाही तुझा, आणि नॅनीही तूच शोधली होतीस.”

म्यूरिएलनं ठरवलं नाही. ती नुसती बघत राहिली. आधी ती मिस पार्डोचे खिसे बघायची, आता गुडघे बघू लागली. जिन्यावर पाऊल वाजलं की ती श्वास रोखून पावलं मोजी. मिस पार्डो कोचावर बसून उठली की किती वेळ लागला, हात टेकला की नाही, चष्मा कपाळावर असताना शोधला का, सगळं टिपून घेई. बाळाला घेऊन जिना उतरायचा नाही, असा नियमही तिनं केला. मिस पार्डोनं तो पाळला, पण असा चेहरा करून की म्यूरिएललाच आपण चोरी केल्यासारखं वाटावं.

एका सकाळी म्यूरिएल कोट घालून दारात उभी होती, बसची वेळ झाली होती, तरी ती वळून स्वयंपाकघरात डोकावली. मिस पार्डो हेस्टरला भरवत होती. चमचा तिच्या हातात स्थिर होता. म्यूरिएल त्या चमच्याकडेच बघत होती.

“मॅडम,” मिस पार्डो पाठमोरीच म्हणाली, “महिनाभर तुम्ही मला चोर समजून बघितलंत. आता मढं समजून बघता. चोर होते तेच बरं होतं. निदान चोराला काम येतं असं तरी लोक धरून चालतात.”

म्यूरिएल आत आली आणि खुर्ची ओढून बसली. बस गेली तर गेली.

“माझं एकच मूल आहे, नॅनी.”

“माझंही प्रत्येक वेळी एकच असतं.”

“मला भीती वाटते.”

“वाटू दे. ज्या आईला वाटत नाही तिच्याकडे मी टिकत नाही.” तिनं हेस्टरची हनुवटी पुसली.

“मला एक वचन द्या. ज्या दिवशी तुम्हाला हे झेपणार नाही असं वाटेल, त्या दिवशी मला सांगाल.”

“ते वचन नाही देणार. खोटं पडेल. तो दिवस नॅनीला कधी कळत नाही, मॅडम. माझ्या थोरल्या नॅनीला कळला नव्हता, मलाही कळणार नाही. तो बाहेरच्याला दिसतो.” आता ती वळली. “तुमची नजर चांगली आहे. तुम्ही बघा. दिसला की तोंडावर सांगा, मी त्याच दिवशी पेटी भरेन. पण बघायचं ते समोरून. बसथांब्याच्या मागून नाही.”

हेस्टरनं चमचा हिसकावून जमिनीवर फेकला. दोघी एकाच वेळी वाकल्या. चमचा मिस पार्डोच्या हाती आला, आणि म्यूरिएलनं तो कसा आला ते अगदी उघड, समोरून बघितलं. उठताना मिस पार्डोनं टेबलाला हात लावला. “लावला हात,” ती म्हणाली. “लिहून ठेवा.”

“लावला,” म्यूरिएल म्हणाली. “पण हेस्टर कडेवर नव्हती.”

त्याच आठवड्यात म्यूरिएल विम्याच्या कचेरीत जाऊन आली. पेन्शनीत निघालेल्या माणसांचं कार्ड तिनं मागितलं, जन्मतारीख सांगितली, आणि खिडकीतल्या कारकुनानं भुवईसुद्धा न उचलता ते पुढे केलं. डब्यातली तिकिटं चुकीची निघाली, ती बदलून घ्यायला एक अर्ज लिहावा लागला. आयकराचाही घोळ निस्तरला. पगारातून उगाच कापलेले पैसे शुक्रवारी पाकिटात घालून तिनं परत दिले. या वेळी मिस पार्डोनं पाकीट उघडलं आणि तिथल्या तिथे पैसे दोनदा मोजले.

“आता गुरुवारी विंडमला कशाला जायचं?” म्यूरिएल म्हणाली. “शुक्रवारी कोपऱ्यावरच घेत चला की. मी तिकीट घ्यायला जातेच, बरोबर जाऊ.”

“छे!” मिस पार्डो दचकलीच. “तुमच्याकडे मी सदुसष्टची. या गल्लीत मी चोपन्नचीच आहे. हेस्टर शाळेत गेली की मला पुढचं घर बघायचंय.”

मग म्यूरिएलच्या लक्षात आलं. नव्या कार्डाचं तिकीट वेगळं, कमी किमतीचं. ते मिस कॅचपोलकडे मागितलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळणार. तेव्हापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनजवळच्या पोस्टात जाऊ लागली. कामावरून सुटल्यावर, उलट्या दिशेची बस पकडून.

तीनेक आठवडे गेले. मिसेस ग्रिमर दारातल्या पितळी टपालफटीला पॉलिश करत होती. वर मिस पार्डोचं गाणं चाललं होतं. म्यूरिएल कामावर निघाली होती.

“बाईसाहेब, कार्ड आलं म्हणे.”

“आलं.”

“कुठून?”

“पोस्टानं.”

“बघू तरी कसं असतं. इतक्या महिन्यांनी येणारं.”

“कपाटात आहे. कुलपात.”

“हं.” मिसेस ग्रिमरनं पितळेवर तोंडाची वाफ सोडली आणि फडकं फिरवलं. “आणि ती विंडमची भानगड?”

“मावशी आहे तिची तिथे. म्हातारी. तिचं पेन्शन आणून देते.” म्यूरिएलला आपलाच आवाज परका वाटला. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि किती सहज आलं ते!

“मावशी.” मिसेस ग्रिमरनं शब्द चाखून बघितला. “मिस कॅचपोल म्हणत होती, मिसेस थर्टल हल्ली तिकिटाला फिरकत नाहीत. तब्येत बरी आहे ना, विचारत होती.”

“हॉस्पिटलजवळ घेते आता. वाटेवर पडतं.”

हॉस्पिटलजवळ पोस्ट नव्हतं. मिसेस ग्रिमर त्या गावात साठ वर्षं राहिली होती. तिनं फडकं खाली ठेवलं, म्यूरिएलला हॅटपासून बुटांपर्यंत एकदा नीट न्याहाळलं, आणि पुन्हा पितळ घासू लागली.

“असेल बाई,” ती म्हणाली. “मी कोण बोलणार? पण साहेबांना ठाऊक आहे ना, तुम्ही संध्याकाळच्या कुठे जाता ते?”

वरून मिस पार्डोचा आवाज आला, “मॅडम, बस चुकेल!”

म्यूरिएल वर न बघताच फाटकाबाहेर पडली.